म्हणी, ब्रीदवाक्यं आणि कोल्ह्याची द्राक्षं: लॅटिन शिकण्याची एक घरगुती पद्धत

लॅटिन शिकायचा माझा पहिला प्रयत्न तिसऱ्या विभक्तिगणापाशी (नामं चालवण्याच्या तिसऱ्या प्रकारापाशी) संपला. दुसराही तिथेच. दोन्ही वेळा जाडजूड व्याकरणाचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून सुरुवात केली होती आणि दोन्ही वेळा पुस्तक कपाटावर गेलं. तिसऱ्या वेळी व्याकरण बाजूला ठेवलं, एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात फक्त म्हणी लिहायला लागलो. त्या वहीनेच मला रोमन लांडग्या-कोल्ह्यांच्या मूळ गोष्टींपर्यंत पोचवलं. ती पद्धत इथे सविस्तर मांडतो. शाळेत संस्कृत शिकला असाल तर अर्धं काम झालेलं आहे. नसलात तरी मराठी येते एवढं भांडवल कमी नाही.

म्हण हे पूर्ण वाक्य असतं, पण घोळवता येईल इतकं लहान. पाठ झालेली म्हण आपल्यासोबत तिचे प्रत्ययही घेऊन येते. पुढे कधी द्वितीयेचं रूप अडलं की तक्ता आठवावा लागत नाही, म्हण आठवते. आपण मराठी असेच शिकलो. 'नाचता येईना अंगण वाकडे' यातलं 'येईना' कुठल्या काळातलं हे शाळेत जायच्या आधी कुणी सांगितलं होतं?

आधी उच्चार आणि लिपी

सीझरचं 'आलो, पाहिलं, जिंकलं' बहुतेकांनी 'व्हेनी, व्हिडी, व्हिची' असं ऐकलेलं असतं. हा चर्चच्या परंपरेतला उच्चार. त्यात 'ए' आणि 'इ' यांच्या आधीचा क हा च होतो. गोव्यात किंवा वसईत ज्यांनी जुनी लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकली आहे, त्या पिढीच्या कानात हाच उच्चार असतो. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. सीझरच्या काळचा उच्चार मात्र 'वेनी, वीदी, वीकी'. क नेहमी क, ग नेहमी ग, आणि व आपल्या मराठी व सारखा, दात न लावता. इंग्रज विद्यार्थी या व साठी धडपडतात, आपल्याला तो जन्मजात येतो. त, द हेही दंत्यच आहेत. दोन्ही उच्चार बरोबर आहेत. एक धरा आणि मिसळू नका. मी जुना धरतो.

देवनागरीचा इथे मोठा फायदा आहे. लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो आणि रोमन लिपीत तो सहसा दिसत नाही. 'फाबुल' म्हणजे गोष्ट, 'फाबुला' म्हणजे गोष्टीत किंवा गोष्टीने. रोमन लिपीत दोन्ही सारखीच छापली जातात. म्हणून या लेखात ऱ्हस्व आ मी 'अ' ने दाखवतो. संस्कृत वाचतो तसा शेवटचा अ सुद्धा उच्चारायचा, फक्त तोंड जरा जास्त उघडून: आखूड आ. ए आणि ओ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपल्या लिपीत दाखवता येत नाही, तो कानाने शिकावा लागतो. वहीत मात्र प्रत्येक म्हण रोमन आणि देवनागरी अशी दोन्ही लिपींत लिहा. रोमनशिवाय शब्दकोशात शोधता येणार नाही आणि देवनागरीशिवाय उच्चार पक्का होणार नाही.

पहिला आठवडा: घरात आधीच असलेलं लॅटिन

पहिल्या आठवड्यात नवीन काही शिकायचं नाही. रोज तोंडात असलेले शब्द उघडून बघायचे.

एसटीची बस घ्या. मूळ शब्द 'ओम्निबुस्', म्हणजे 'सर्वांसाठी', संस्कृतात 'सर्वेभ्यः'. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांसाठी असलेल्या गाडीला हे नाव मिळालं, पुढे डोकं गळलं आणि शेपटी उरली. थोडक्यात, आपण ज्यासाठी स्टँडवर ताटकळतो तो चतुर्थीच्या बहुवचनाचा नुसता प्रत्यय आहे! हा 'बुस्' आणि संस्कृतचा 'भ्यः' एकाच कुळातले. हा 'बुस्' लक्षात ठेवा, पुढे कोल्ह्याच्या गोष्टीत तो भेटणार आहे.

मग कोर्टाच्या आवारात चला. 'ॲफिडेव्हिट' हे क्रियापद आहे: 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. 'कॅव्हेट' हेही क्रियापद: 'त्याने सावध असावं'. स्पर्धा परीक्षेची मुलं रिटचे पाच प्रकार घोकतात, त्यातला 'मँडॅमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो', आणि 'हेबियस कॉर्पस' म्हणजे 'तू देह हजर ठेवावास'. आता शेवट बघा: 'मन्दामुस्' मध्ये मुस् म्हणजे आम्ही, 'हबेआस्' मध्ये स् म्हणजे तू, 'कवेअत्' मध्ये त् म्हणजे तो. संस्कृतातले मि-सि-ति, मः-थ-न्ति आठवले का? लॅटिनचे प्रत्यय ओ किंवा म्, स्, त्, मुस्, तिस्, न्त्. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात असं म्हटलं, ते अशाच साम्यांवरून.

'अजेंडा' म्हणजे 'करायच्या गोष्टी', अगदी आपलं 'करणीय'. 'मेमोरँडम' म्हणजे 'स्मरणीय'. 'कोरम' म्हणजे 'ज्यांचा', षष्ठीचं बहुवचन. सोसायटीच्या सभेत कोरम भरला नाही की अध्यक्ष नकळत षष्ठीच्या अभावाची तक्रार करत असतात. असे वीस-पंचवीस शब्द आठवड्यात सहज जमतात. प्रत्येकाच्या शेवटच्या अक्षरांखाली रेघ मारा.

दुसरा टप्पा: म्हणी, आणि एका म्हणीला तीन ओळी

आता मुख्य काम. आठवड्याला पाच म्हणी, त्याहून जास्त नको. प्रत्येक म्हणीखाली तीन ओळी लिहायच्या. पहिली, देवनागरी उच्चार. दुसरी, शब्दाला शब्द लावून केलेलं ओबडधोबड मराठी, विभक्तीसकट. तिसरी, आपली जवळची म्हण. तिसरी ओळ त्याच दिवशी लिहायची नाही. निदान दोन दिवस मध्ये जाऊ द्या. मी सुरुवातीला उलट केलं: लॅटिन म्हण दिसली की तिची मराठी जुळी शोधायची आणि खूश व्हायचं. त्यात गंमत होती पण लॅटिन एक अक्षर येत नव्हतं, कारण जुळी सापडली की मूळ वाक्याकडे कुणी बघत नाही.

सुरुवात या म्हणीने करा: मनुस् मनुम् लवत्. 'हात हाताला धुतो.' पहिला हात कर्ता, दुसरा कर्म. फरक फक्त शेवटच्या अक्षरात: स् आणि म्. संस्कृतात 'देवः देवम्' असंच तर म्हणतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या काळी ही म्हण रोममध्ये चालू होती, अर्थ 'तू माझं कर, मी तुझं करतो'. 'एकमेकां साहाय्य करू' पेक्षा तिचा सूर जरा व्यवहारी आहे.

लगेच हाच साचा: असिनुस् असिनुम् फ्रिकत्. 'गाढव गाढवाला घासतं.' दोन दिवसांनी तिसरी ओळ लिहाल तेव्हा 'अहो रूपम् अहो ध्वनिः' आपोआप येईल. तिथेही गाढव आहेच, सोबत उंट.

मग चतुर्थी: होमो होमिनी लुपुस्. 'माणूस माणसाला लांडगा.' आपलं 'ला' इथे जसंच्या तसं बसतं, आणि 'आहे' न म्हणता वाक्य पुरं होतं. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला सांगावं लागतं की क्रियापद गाळलं तरी चालतं. 'घर तिथे दार' म्हणणाऱ्याला काय सांगायचं? रोमन नाटककार प्लाउटुसच्या नाटकात हे शब्द 'लुपुस् एस्त् होमो होमिनी' अशा क्रमाने येतात. क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो, कारण कोण काय करतो हे शेवट सांगतो.

तृतीया आणि पंचमी: क्लावो क्लावुम् एयिकेरे. 'खिळ्याने खिळा बाहेर काढणे.' 'काट्याने काटा काढावा' शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी मिळून एकच विभक्ती झाली आहे. 'क्लावो' म्हणजे खिळ्याने की खिळ्यापासून, हे संदर्भ ठरवतो. रोमन वक्ता सिसेरोने ही म्हण प्रेमाच्या संदर्भात वापरली: जुनं प्रेम नव्या प्रेमाने असं काढावं असं काहींना वाटतं, जसा खिळ्याने खिळा.

सप्तमीसाठी लुपुस् इन् फाबुला. 'लांडगा गोष्टीत.' ज्याच्याविषयी बोलत होतो तोच दारात उभा राहिला की रोमन माणूस असं म्हणे. आपण त्याला 'शंभर वर्षं आयुष्य आहे तुला' म्हणतो. आपण आयुष्य देतो, त्यांच्या तोंडी लांडगा येतो.

आज्ञार्थासाठी पाँपेई या प्राचीन रोमन शहरात जा. तिथल्या एका घराच्या उंबऱ्याशी साखळीतल्या कुत्र्याचं मोझेक आहे आणि खाली कवे कनेम्. 'कुत्र्याला सांभाळ.' इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेली ही पाटी आणि आपल्या बंगल्यांवरची 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी यांत मजकुराचा काडीचा फरक नाही. हा 'कवे' म्हणजे मघाच्या 'कॅव्हेट'चंच क्रियापद.

आणि मग माझी सगळ्यात लाडकी. रोमन कवी होरेसची ओळ: पर्तुरिएन्त् मोन्तेस्, नास्केतुर् रीदिकुलुस् मूस्. 'डोंगर प्रसववेणा देतील, जन्मेल एक हास्यास्पद उंदीर.' 'डोंगर पोखरून उंदीर काढला' हे म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. 'मूस्' म्हणजे मूषक, हे सांगायला कोश नको. पण इथे थांबून दोन्ही नीट बघा. आपल्याकडे डोंगर माणूस पोखरतो, मेहनत वाया जाते. होरेसकडे डोंगर स्वतःच गाजावाजा करून कळा देतो. आपली म्हण कष्टावर आहे, त्याची बडेजावावर: मोठ्या थाटात काव्य सुरू करणाऱ्या कवींना तो हाणतो आहे. तिसऱ्या ओळीला घाई का नको, ते इथे कळतं. व्याकरण पाहिलंत तर 'पर्तुरिएन्त्' मधला न्त् म्हणजे ते अनेक, 'नास्केतुर्' मधला तुर् जवळजवळ आपल्या आत्मनेपदासारखा. 'जायते' आणि 'नास्कितुर्' यांचा धातूही एकच.

अशीच फसवी जोडी गुत्त कवत् लपिदेम्: 'थेंब दगड पोखरतो', रोमन कवी ओव्हिडचे शब्द. हात लगेच 'थेंबे थेंबे तळे साचे' कडे जातो. पण तळं साचतं आणि दगड झिजतो, दोन वेगळी कामं. इथे तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास' जास्त जवळचं.

पुढच्या आठवड्यांसाठी काही, नुसत्या अर्थासह. तीन ओळी तुम्ही भरा:

- क्वोत् होमिनेस् तोत् सेन्तेन्तिआइ: जितकी माणसं तितकी मतं. तेरेन्सच्या नाटकातली. व्यक्ती तितक्या प्रकृती.
- ओवेम् लुपो कोम्मीसिस्ती: मेंढी लांडग्याकडे सोपवलीस. हीही तेरेन्सची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. 'ओविस्' म्हणजे संस्कृत अवि.
- बर्ब नोन् फकित् फिलोसोफुम्: दाढीने तत्त्वज्ञ होत नाही. मराठी जुळी तुम्हीच शोधा, भरपूर आहेत.
- फेस्तीना लेन्ते: सावकाश घाई कर. रोमन सम्राट ऑगस्टसला हे वचन फार आवडायचं, तो ग्रीकमध्ये म्हणे. घाटातल्या 'अति घाई संकटात नेई' पेक्षा हे गुंतागुंतीचं आहे, कारण इथे घाई करायचीच आहे.

म्हण मोडून पुन्हा जोडणे

पाच म्हणी पाठ झाल्या की रविवारी त्या मोडायच्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षभराने त्यांच्याकडे तीनशे वाक्यं असतात पण एकही स्वतःचं नसतं.

'मनुस् मनुम् लवत्' घ्या आणि हातांच्या जागी लांडगा-मेंढी घाला: लुपुस् ओवेम् लवत्, लांडगा मेंढीला धुतो. उलटा करा: ओविस् लुपुम् लवत्, मेंढी लांडग्याला धुते. आता फक्त क्रम बदला, शेवट नको: लुपुम् ओविस् लवत्. अजूनही मेंढीच धुते आहे. हे वाक्य कळलं की लॅटिनचा निम्मा धाक गेला. मग अनेकवचन: असिनी असिनोस् फ्रिकन्त्, गाढवं गाढवांना घासतात.

या टप्प्यावर एक तक्ता वहीच्या मागच्या पानावर लिहा, एकच. लांडगा एकवचनी: प्रथमा लुपुस्, द्वितीया लुपुम्, चतुर्थी लुपो, पंचमी लुपो, षष्ठी लुपी, संबोधन लुपे. अनेकवचनी: लुपी, लुपोस्, लुपीस्, लुपीस्, लुपोरुम्. हा आपल्या शाळेतला क्रम आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत बहुधा प्रथमेनंतर षष्ठी येते, त्याने बिथरू नका. द्विवचन नाही, ही आनंदाची बातमी. लिंगं तीन, जशी आपली तो-ती-ते, आणि तितकीच मनमानी. 'अ' किंवा 'द' असलं काही नाही. इंग्रजीतल्या पुस्तकांत या दोन गोष्टींवर पानंच्या पानं असतात, ती सरळ उलटून पुढे जा.

कोश बघायची एक खुबी आधीच सांगतो, माझे दोन आठवडे त्यात गेले. क्रियापद कोशात 'मी करतो' या रूपाने असतं. 'लवत्' शोधायचं तर 'लवो' शोधा. नाम प्रथमा आणि षष्ठी अशा जोडीने असतं: मूस्, मूरिस्. षष्ठीत खरं अंग दिसतं. प्रथमेतला स् दोन स्वरांमध्ये सापडला की र होतो, म्हणून उंदराला म्हणजे 'मूरेम्'. फुकट साधनांत विक्शनरी रूपं ओळखायला उत्तम. पर्सियस डिजिटल लायब्ररीवर मूळ ग्रंथ आणि लुईस व शॉर्ट यांचा १८७९ चा जाडा कोशही मिळतो. तो कोश म्हणजे समुद्र आहे, पहिल्या तीन महिन्यांत त्यात उतरू नका.

ब्रीदवाक्यं: छोटी पण चकवणारी

लोकांना वाटतं की ब्रीदवाक्यं सोपी, कारण दोन-तीन शब्दांची. अनुभव उलटा आहे. म्हणीत क्रियापद असतं, ब्रीदवाक्यात ते बहुधा गायब. म्हणून ती म्हणींनंतर घ्यायची, आधी नाही.

घरापासून सुरू करू. मुंबईने मिरवलेलं बिरुद उर्ब्स् प्रीम इन् इन्दीस्: 'हिंदुस्थानातली पहिली नगरी'. 'उर्ब्स्' म्हणजे नगर, लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'प्रीमुस्' नाही, 'प्रीम'. पुढे धोबी तलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं प्रोवोकान्स् अद् वोलन्दुम्: 'उडायला उद्युक्त करणारा'. कोण? हे ब्रीदात नाहीच. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायात, ते गरुडाविषयी आहे, जो पिल्लांना उडायला लावतो. कर्ता मूळ ग्रंथात राहिला आणि विशेषण दारावर आलं. ब्रीदवाक्यांशी हा खेळ सतत खेळावा लागतो.

ऑलिंपिकचं कितिउस्, अल्तिउस्, फोर्तिउस्: अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने. यातला इउस् म्हणजे आपल्या 'लघीयस्, गरीयस्' मधला ईयस्. २०२१ मध्ये त्याला 'कोम्मूनितेर्', म्हणजे एकत्रितपणे, हा शब्द जोडला गेला. कानाला तो तीन घोड्यांच्या गाडीला मागून बांधलेल्या हातगाडीसारखा वाटतो, पण व्याकरणात चूक नाही. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून ए प्लूरिबुस् ऊनुम्: 'अनेकांतून एक'. पुन्हा आपली बस. पॅरिसचं फ्लुक्तुअत् नेक् मेर्गितुर्: 'हेलकावते, पण बुडत नाही', कारण शहराच्या चिन्हावर नाव आहे. फुटबॉल बघत असाल तर टॉटनहॅमचं औदेरे एस्त् फकेरे, 'धाडस करणं म्हणजेच करणं', आणि एव्हर्टनचं नील् सतिस् निसि ओप्तिमुम्, 'सर्वोत्तमाखेरीज काहीच पुरेसं नाही', घ्या. निकाल काहीही लागो, व्याकरण शाबूत राहतं.

एक सावधानता. ब्रीदवाक्यं बऱ्याचदा कापून आणलेली असतात, आणि कापताना मूळ अर्थ सांडतो. 'लबोर् ओम्निअ विन्कित्', 'श्रम सर्व जिंकतात', हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं ब्रीद, आणि जगभर शाळांच्या भिंतींवरही आहे. रोमन कवी व्हर्जिलने मात्र लिहिलं होतं 'लबोर् ओम्निअ वीकित् इम्प्रोबुस्', भूतकाळात, आणि श्रमाला 'इम्प्रोबुस्' म्हणजे निर्दय, न थकणारे असं विशेषण लावून. पुढच्याच ओळीत गरज आणि हलाखी येते. सुवर्णयुग संपलं, कष्टांनी सगळं व्यापलं, असा तो काळोखा सूर आहे. एका न् ने आणि एका गाळलेल्या विशेषणाने त्याचं प्रोत्साहनपर पोस्टर झालं.

आणि इंटरनेटवरचं सगळं लॅटिन लॅटिन नसतं. 'इल्लेगितिमी नोन् कार्बोरुन्दुम्' सारखी वाक्यं विनोदाने बनवलेली आहेत, 'कार्बोरंडम' हे घासायच्या पदार्थाचं व्यापारी नाव. दंडावर गोंदवून घ्यायच्या आधी म्हण कुठल्या ग्रंथातली ते बघा. ग्रंथ सापडत नसेल तर निदान क्रियापद कोशात आहे का ते बघा.

शेवटचा टप्पा: गोष्टी

साठ-सत्तर म्हणी आणि वीसेक ब्रीदवाक्यं झाली की, साधारण चार महिन्यांनी, फाएद्रुसकडे जा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा लेखक ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम. इसापाच्या गोष्टी त्याने लॅटिन पद्यात आणल्या. त्यातल्या बऱ्याच आपल्याला इसापनीतीतून आधीच माहीत आहेत, आणि हाच फायदा आहे. गोष्ट ठाऊक असली की सगळं लक्ष प्रत्ययांवर देता येतं.

पहिली गोष्ट चार ओळींची:

*फमे कोआक्त वुल्पेस् अल्ता इन् वीनेआ*
*ऊवम् अप्पेतेबत् सुम्मीस् सलिएन्स् वीरिबुस्;*
*क्वम् तङ्गेरे उत् नोन् पोतुइत्, दिस्केदेन्स् अइत्:*
*नोन्दुम् मातूर एस्त्. नोलो अकेर्बम् सूमेरे.*

मुळात शिरायचा क्रम असा ठेवा. आधी क्रियापदं शोधून त्यांच्याभोवती गोल काढा: अप्पेतेबत् (झेपावत होती), पोतुइत् (शकली), अइत् (म्हणते), एस्त् (आहे, म्हणजे अस्ति), नोलो (मला नको). मग प्रत्येकाचा कर्ता. 'वुल्पेस्' प्रथमेत आहे, आणि लॅटिनमध्ये कोल्हा स्त्रीलिंगी, म्हणून 'कोआक्त', 'भाग पाडलेली'. कशाने? 'फमे', भुकेने. मग कर्म: 'ऊवम्', द्राक्षाच्या घडाला. आता उरलेले शब्द जोडीने लावा. पहिल्या ओळीत 'कोआक्त' आणि 'अल्ता' ही दोन विशेषणं आहेत. रोमन लिपीत दोन्ही सारखीच संपतात आणि नवशिक्या दोन्ही कोल्ह्याला चिकटवतो. देवनागरीत 'अल्ता'चा दीर्घ आ दिसतो, म्हणून ते 'वीनेआ'चं, उंच वेलीवर. दुसऱ्या ओळीत 'सुम्मीस् ... वीरिबुस्', 'सर्व शक्तीनिशी', यांच्या मध्ये 'सलिएन्स्', उड्या मारत, बसलं आहे. कोल्हीण विशेषण आणि नाम यांच्या मधूनच उडी मारते. आणि 'वीरिबुस्' मध्ये आपली बस आली.

तिसऱ्या ओळीतलं 'क्वम्' म्हणजे 'जिला'. लॅटिन लेखक 'जो-जी-जे' ने नवं वाक्य सुरू करतात, मराठीत ते अवघडतं. 'आणि तिला' (म्हणजे 'ऊवम्'ला) असं वाचा: आणि तिला शिवता आलं नाही तेव्हा, निघताना म्हणते.

शेवटची ओळ नीट वाचली तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. मराठी कोल्हा म्हणतो, 'द्राक्षं आंबट आहेत.' फाएद्रुसची कोल्हीण म्हणते, 'नोन्दुम् मातूर एस्त्', *अजून* पिकली नाहीत, कच्ची मला खायची नाहीत. त्या 'नोन्दुम्' मध्ये तिने परत यायची वाट ठेवली आहे. मला ती आपल्या कोल्ह्यापेक्षा हुशार वाटते.

या चार ओळींना आठवडा द्या. पाठ करा, मग कोल्हीण अनेकवचनी करून बघा, मग मेंढी घालून बघा.

दुसरी गोष्ट लांडगा आणि कोकरू. फाएद्रुसच्या पहिल्या पुस्तकातली ही पहिलीच. सुरुवात *अद् रीवुम् एउन्देम् लुपुस् एत् अग्नुस् वेनेरन्त्*: 'एकाच ओढ्यापाशी लांडगा आणि कोकरू आले होते.' 'अग्नुस्' म्हणजे कोकरू. संस्कृतवाल्यांनो, अग्नीचा इथे संबंध नाही, अग्नी म्हणजे 'इग्निस्'. पुढे *सुपेरिओर् स्ताबत् लुपुस्, लोङ्गेक्वे इन्फेरिओर् अग्नुस्*: 'वरच्या अंगाला लांडगा उभा, आणि बऱ्याच खाली कोकरू.' हा शब्दाला चिकटलेला 'क्वे' म्हणजे आपला 'च': रामः लक्ष्मणश्च. जागाही तीच, शब्दाच्या मागे.

लांडगा विचारतो, पाणी का गढूळ केलंस? कोकरू म्हणतं, तुझ्याकडूनच पाणी माझ्याकडे येतंय, 'लुपे'. तक्त्यातलं संबोधन इथे वापरात आलं. मग लांडगा आरोप बदलतो: सहा महिन्यांपूर्वी तू मला वाईट बोललास. त्यावर कोकराचे चार शब्द, *एक्विदेम् नातुस् नोन् एरम्*, 'मी तर जन्मलेलाच नव्हतो'. 'नातुस्' म्हणजे संस्कृत 'जात', जन्मलेला, 'एरम्' म्हणजे होतो. मग 'पतेर् हेर्क्ले तुउस्', 'शपथ हर्क्युलीसची, मग तुझा बाप'. आपल्याकडे बापाने पाणी गढूळ केलेलं असतं, इथे बाप वाईट बोललेला आहे. हाच फाएद्रुस तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगतो की गुलामांना मनातलं उघड बोलायची हिंमत होत नसे, म्हणून त्यांनी ते गोष्टींत घातलं. हे कळल्यावर त्या 'हेर्क्ले'चा आवाज निराळा ऐकू येतो.

या गोष्टीला तीन आठवडे लागले तरी चालतील. त्यानंतर नदीत मांसाचा तुकडा सोडणारा कुत्रा, फुगून फुटणारी बेडकी, कावळ्याला गायला लावणारा कोल्हा. गोष्ट माहीत असेल तीच आधी.

आणि मग चौथ्या पुस्तकातली ती छोटी गोष्ट काढा, जिची सुरुवात आहे *मोन्स् पर्तुरीबत्*. कोश बंद ठेवा. डोंगर कळा देत होता, प्रचंड कण्हत होता, जमिनीवर सगळ्यांची उत्सुकता शिगेला पोचली होती, *अत् इल्ले मूरेम् पेपेरित्*. 'पेपेरित्' मध्ये पहिलं अक्षर दोनदा का आलं, हे 'पपात, ददर्श' म्हटलेल्याला विचारावं लागणार नाही. उंदीर या वेळी द्वितीयेत आहे.